‘थोडं थोडं जेवतात’ म्हणजे नेमकं किती? वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या आहारतज्ज्ञांसाठी

कुठल्याही खाटेजवळ उभं राहून विचारा, “पेशंट जेवतायत का?” उत्तर ठरलेलं असतं: “हो मॅडम, थोडं थोडं जेवतात.” धुळ्यात विचारा, जळगावात विचारा, नंदुरबारला विचारा, उत्तर तेच. नातेवाईक खोटं बोलत नसतात. सकाळी अर्धा कप चहा, दुपारी दोन घास, संध्याकाळी मोसंबीचा रस, एवढं पोटात गेलं की त्यांच्या मनाला बरं वाटतं. पण बेरीज करून बघा, दिवसाला तीनशे कॅलरीही भरत नाहीत, आणि एवढ्यावर तो माणूस आठवडाभर आजाराशी झुंजत असतो. आपलं काम इथूनच सुरू होतं. या ‘थोडं थोडं’चा आकडा काढायचा, तो केसपेपरवर लिहायचा आणि राउंडला डॉक्टरांनी तो वाचलाय ना, हे बघायचं.

खानदेशातल्या वॉर्डांत काम करताना जे हाताशी आलं ते क्रमाने सांगते. तुम्ही आहारतज्ज्ञ असाल, इंटर्न असाल किंवा नव्या सिस्टर असाल, क्रम हाच ठेवा.

आधी वजन, तेही काट्यावर

पेशंट भरती झाल्यापासून २४ ते ४८ तासांत वजन आणि उंची लिहिलेली असली पाहिजे. वॉर्डातला काटा बहुधा कोपऱ्यात धूळ खात पडलेला असतो. तो काढा, शून्यावर आणा, स्वतः उभं राहून एकदा खात्री करा. चपला काढून, शक्यतो सकाळी, रोज त्याच काट्यावर वजन घ्या. ‘अंदाजे ५५’ असं लिहू नका. पुढचे सगळे हिशेब त्या आकड्यावर उभे राहतात.

उठता न येणाऱ्या पेशंटचा दंड मोजा. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये टेप लावायची, घट्ट आवळायची नाही. मोठ्या माणसाचा दंड २३.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर बीएमआय (किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २०च्या खाली असण्याची शक्यता बरीच असते. उंचीसाठी एक हात आडवा सरळ पसरायला सांगा. गळ्याखालच्या खळगीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर दुप्पट केलं की साधारण उंची मिळते. पायावर सूज किंवा पोटात पाणी असेल तर वजनाशेजारी तसं लिहाच. नाहीतर वाढलेलं पाणी पाहून सगळे खूश होतात आणि खाली माणूस वाळत जातो.

आधीचं वजन किती होतं, हे बहुतेक घरांत कुणालाच माहीत नसतं. तेव्हा बांगड्या विचारा, अंगठी विचारा, ब्लाउज किती आत घेतला ते विचारा. घशाच्या आजाराने भरती झालेल्या एका नानांच्या बाबतीत सगळे गप्प होते. मग सून म्हणाली, “करदोडा दोनदा नव्याने बांधला.” बनियन वर करून पाहिलं. काळ्या दोऱ्याला जुन्या गाठीची मुरड तशीच होती, नवी गाठ तिच्यापासून चार बोटं आत होती आणि सुटलेलं टोक लोंबत होतं. केसपेपरच्या पहिल्या पानावर ‘प्रकृती मध्यम’ असं लिहिलं होतं. पुढे घरच्यांनी पिशवीतल्या जुन्या चिठ्ठ्या चाळल्या, तेव्हा चार महिन्यांपूर्वीचं वजन सापडलं: ५८ किलो. काट्यावर भरले ४९.

गुण मांडा

कुपोषणाचा धोका गुणांत मोजायची ‘मस्ट’ ही सोपी पद्धत आहे, पहिल्या दिवसापासून वापरा. बीएमआय २०च्या वर असेल तर शून्य, १८.५ ते २० असेल तर १, १८.५च्या खाली असेल तर २. गेल्या तीन ते सहा महिन्यांत आपोआप घटलेलं वजन ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर शून्य, ५ ते १० टक्के असेल तर १, त्याहून जास्त असेल तर २. आजार गंभीर असून पाच दिवसांहून जास्त काळ पोटात काही गेलेलं नाही किंवा जाणार नाही, असं असेल तर आणखी २. बेरीज २ किंवा जास्त आली तर धोका मोठा आहे. त्याच दिवशी आहाराचा आराखडा करायचा.

नानांचा हिशेब करू. उंची १६५ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय १८. गुण २. घट ९ किलो, ५८च्या साडेपंधरा टक्के. गुण २. बेरीज ४. ‘प्रकृती मध्यम’ इथे संपते.

काही ठिकाणी ‘एनआरएस-२००२’ ही अशीच दुसरी पद्धत वापरतात, त्यात ३ किंवा जास्त गुण म्हणजे धोका. पद्धत कोणतीही असो, पूर्ण वॉर्डात एकच ठेवा आणि दर आठवड्याला पुन्हा मांडा. एक चूक मात्र आवर्जून टाळा. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनावरून कुपोषण ठरवू नका. शरीरात जंतुसंसर्ग किंवा सूज असली की अल्ब्युमिन तसंही खाली येतं. नुसतंच उपाशी राहून वाळलेल्या माणसाचं ते बऱ्याचदा ठीक असतं.

ताट परत जाताना बघा

वाढताना काय वाढलं, याला फारसा अर्थ नाही. ताट परत जाताना बघा. पूर्ण संपलं, अर्धं, पाव की काहीच नाही, एवढ्या चारच खुणा पुरतात. ताटं गोळा करणाऱ्या मावशींना या खुणा शिकवा. माझ्या अनुभवात त्यांची नोंद सगळ्यांत खरी असते, कारण ताट त्यांच्याच हातात असतं. घरून डबा येत असेल तर तो उघडून बघा. बऱ्याचदा तो नातेवाइकानेच संपवलेला असतो. रात्रभर उशाशी बसलेल्या माणसालाही भूक लागते, त्याला बोल लावू नका.

विचारताना त्यांच्या बोलीत विचारा. “काल दिनभर काय खादं, माय?” असं म्हटलं की आजी खाटेवर उठून बसतात आणि सगळं सांगतात. ‘आहाराचा इतिहास सांगा’ म्हटलं की गप्प होतात. “काहीच गोड लागस नही,” असं उत्तर आलं तर तोंड उघडायला सांगा. जिभेवर पांढरा थर, हिरड्यांना जखमा, सैल झालेली कवळी, कधी नुसती औषधांनी आलेली कडू चव. यातलं बरंच त्याच दिवशी सुधारता येतं.

सलाईन म्हणजे जेवण नव्हे

हे इतक्या वेळा सांगावं लागेल की कंटाळा येईल, तरी सांगत राहा. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण ८५ कॅलरी. आपल्या रावेर-यावलच्या एका मध्यम केळ्यात याहून थोड्या जास्तच असतात. साध्या नॉर्मल सलाईनमध्ये एकही नाही, आणि प्रथिनं दोन्हीत शून्य. ‘दोन बाटल्या चढल्या, आता ताकद येईल,’ असं कुणी म्हणालं की मी केळं हातात धरून दाखवते. हिशेब लगेच पटतो.

उपाशी ठेवण्याचंही तसंच. भूल देण्याआधी हलका आहार सहा तास आणि साधं पाणी दोन तास बंद ठेवलं की सर्वसाधारण पेशंटला पुरतं. मी नवीन असताना एका रुग्णालयात एका आजींचं ऑपरेशन तीनदा पुढे ढकललं गेलं. रोज रात्री ‘तोंडाने काही देऊ नये’ अशी पाटी लागायची, दुपारी ऑपरेशन रद्द व्हायचं, पण पाटी कुणी काढत नव्हतं. आजी तीन दिवस घोटभर पाण्यावर होत्या. मी रोज त्यांच्या खाटेवरून जात होते आणि विचारलं नाही, हे मला अजून टोचतं. आता राउंडनंतर मी पहिल्यांदा त्या पाट्या मोजते आणि प्रत्येकीबद्दल विचारते: आज ऑपरेशन नक्की आहे का? नसेल तर जेवण कधी सुरू?

किती द्यायचं

बहुतेक आजारी प्रौढांना दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० कॅलरी, १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं आणि ३० ते ३५ मिलिलिटर द्रव लागतं. नानांच्या ४९ किलोंना १२०० ते १५०० कॅलरी आणि ५९ ते ७४ ग्रॅम प्रथिनं. मूत्रपिंड, यकृत किंवा हृदयाचा आजार असेल तर आकडे डॉक्टरांशी बोलून बदलायचे. भुसावळकडच्या मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की वॉर्डातही घामाच्या धारा लागतात, तेव्हा पाण्याचा हिशेब सैल हाताने करा. फक्त ज्यांना पाणी मोजून द्यायचं आहे त्यांना सोडून.

पण थांबा. हा आकडा पहिल्याच दिवशी गाठायचा नाही.

फार दिवस उपाशी असलेल्याला हळू

या लेखातलं एकच प्रकरण लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा, कारण इथली चूक जिवावर बेतते. बरेच दिवस उपाशी राहिलेलं शरीर चरबीवर गुजराण करायला शिकलेलं असतं. त्याला अचानक भरपूर पिष्टमय अन्न मिळालं की इन्सुलिन वाढतं, आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम भराभर पेशींमध्ये ओढलं जातं. थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा तुटपुंजा साठाही खर्च होतो. मग हृदयाचे ठोके बिघडतात, श्वास लागतो, अंगावर सूज येते, माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागतो. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिलं होतं: सुटका झाली, पोटभर जेवण मिळालं आणि त्यानंतर माणसं दगावली.

बीएमआय १६च्या खाली, तीन ते सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त घट, दहा दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काहीच पोटात नाही, किंवा खायला देण्याआधीच ही खनिजं कमी, यातलं एक जरी असेल तरी धोका मोठा. किंवा मग यातली दोन: बीएमआय १८.५च्या खाली, १० टक्क्यांहून जास्त घट, पाच दिवसांहून जास्त उपास, दारूचं व्यसन किंवा इन्सुलिन, केमो, अँटासिड, लघवीच्या गोळ्या यांपैकी काही. नाना वजनाच्या घटीवरच यात बसत होते.

अशा वेळी किलोमागे १० कॅलरींपासून सुरुवात करा, अगदीच खंगलेल्याला ५. नानांना पहिल्या दिवशी ४९० कॅलरी. पहिला घास जाण्याआधी थायमिन, दिवसाला २०० ते ३०० मिलिग्रॅम, आणि पुढचे दहा दिवस चालू. हे डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं, पण आठवण आपण करायची. ग्लुकोजच्या बाटलीआधीही तेच. पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम सुरुवातीला रोज तपासायला सांगा आणि चार ते सात दिवसांत हळूहळू पूर्ण आकड्यावर या.

नातेवाइकांना हे पटत नाही. नाना इतके वाळलेत आणि मॅडम म्हणतात कमी द्या! सून तुपातल्या शिऱ्याचा डबा घेऊन उभी होती. तिला मी चुलीचं सांगितलं: विझत आलेल्या चुलीत एकदम मोठं लाकूड कोंबलं तर धूर होऊन ती विझते. आधी काटक्या, मग कापसाच्या पऱ्हाट्या, मग लाकूड. ती हसली, म्हणाली, “समजलं.” शिरा तिने शेजारच्या खाटेवरच्या मुलाला दिला.

तोंडाने जमतंय तोवर तोंडानेच

माणूस गिळू शकत असेल आणि आतडं काम करत असेल, तर आधी घरचं जेवणच दाट करा. दाट म्हणजे त्याच घासात जास्त कॅलरी आणि प्रथिनं. वरणात एक चमचा तेल किंवा तूप, दुधात दूध पावडर, पेजेत भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, चालत असेल त्याला अंडं. तीन मोठी जेवणं नकोत, दर दोन-अडीच तासांनी वाटीभर द्या.

आपल्याकडे कळण्याची भाकरी आहे, हे फार मोठं भाग्य आहे. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी, उडदात भरपूर. दोन्ही एकत्र दळले की प्रथिनांची प्रत सुधारते. दात नसलेल्यांना कळणा दुधात किंवा वरणात भिजवून द्या. डाळीचे फुणके वाफवलेले असतात, कढीत मऊ होतात, कितीतरी आजीआजोबांना तेच गोड लागतात. शेवभाजीचा झणका तोंडाच्या जखमांना सोसत नाही, ती काही दिवस बाजूला. केळ्याचं सांगायचं तर ते सोपं, मऊ, सगळ्यांच्या पिशवीत असतंच, पण त्यात प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम. आणि डायलिसिसवरच्या पेशंटचं पोटॅशियम वाढलेलं असेल तर केळं नकोच. भेटायला येणारा प्रत्येक जण अर्धा डझन घेऊन येतो, म्हणून खाटेवर तशी चिठ्ठी लावून टाका.

पक्षाघाताच्या पेशंटला मात्र गिळण्याची चाचणी झाल्याशिवाय एक चमचाही नाही. पूर्ण शुद्धीवर असताना ताठ बसवायचं, चमच्याने थोडं थोडं पाणी द्यायचं. ठसका, ओला घोगरा आवाज, गालात साठून राहणं, यातलं काही दिसलं की थांबा आणि डॉक्टरांना, उपलब्ध असेल तर स्पीच थेरपिस्टला कळवा. इथे एक फसगत होते. पातळ वरणात कुस्करलेली भाकरी आपल्याला मऊ वाटते, पण पातळ आणि घट्ट एकत्र असलेला घास गिळायला सगळ्यांत अवघड असतो: पाणी आधी घसरतं, तुकडा मागे राहतो. त्यांना एकजीव, दाट, चमच्यावर टिकणारं द्या. घोटून घेतलेली खीर, गुठळ्या नसलेलं दही, मिक्सरमधून काढलेली मऊ खिचडी.

नाकातली नळी

तीन-चार दिवस प्रयत्न करूनही गरजेच्या निम्मंसुद्धा जात नसेल, किंवा गिळणंच धोक्याचं असेल, तर नळीचा विषय काढा. उशीर करू नका. आयसीयूतल्या पेशंटला तर प्रकृती स्थिर होताच, २४ ते ४८ तासांत नळीतून सुरुवात करणं चांगलं. ‘नळी लागली म्हणजे संपलं,’ असं गावाकडे लोक समजतात. ही जेवणाची वाट आहे, काम झालं की निघते, हे आधी बसून समजावा.

नळी घालण्याचं काम डॉक्टर किंवा सिस्टरांचं. पण ती जागेवर आहे का, हे फीड म्हणजे नळीतून जाणारं पातळ अन्न देणाऱ्या प्रत्येकाने बघायचं. पहिल्यांदा एक्स-रे किंवा नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, ५.५ किंवा कमी. हवा सोडून पोटावर आवाज ऐकण्यावर विसंबू नका, नळी फुप्फुसात असतानाही तो आवाज फसवतो. जागा पक्की झाली की नाकपुडीपाशी नळीवरचा सेंटिमीटरचा आकडा केसपेपरवर लिहा, पट्टीवर खूण करा. प्रत्येक फीडआधी खूण बघा. सरकली असेल, उलटी झाली असेल, ठसका लागला असेल, तर खात्री होईपर्यंत काही सोडायचं नाही.

फीड देताना पलंगाचं डोकं ३० ते ४५ अंश वर, आणि नंतरही अर्धा-पाऊण तास तसंच. आधी ३० मिलिलिटर पाणी, मग २०० मिलिलिटर फीड वीस-तीस मिनिटांत, मग पुन्हा ३० मिलिलिटर पाणी. सिरिंज दाबायची नाही. दट्ट्या काढून नुसती धरायची, फीड आपोआप उतरतं. गोळ्या बारीक पूड करून, पाण्यात, एकेक वेगळी, फीडमध्ये मिसळून नाही. आणि प्रत्येक गोळी कुटता येते असं नाही, आधी फार्मासिस्टला विचारा.

स्वयंपाकघरात होणारं साधं फीड असं: २०० मिलिलिटर गाईचं दूध, दोन चमचे साखर, एक चमचा तेल, १५ ग्रॅम भाजलेल्या हरभऱ्याचं बारीक पीठ. शिजवून, कपड्याने गाळून. एका वेळी सुमारे २७० कॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिनं. दिवसात सहा वेळा दिलं की सुमारे १६०० कॅलरी आणि ६० ग्रॅम प्रथिनं. मधुमेह असेल तर साखर काढा. फीड घट्ट झालं तर पाणी ओतून पातळ करू नका, त्याने कॅलरी पातळ होतात. मोड आणून, वाळवून, भाजून दळलेलं गव्हाचं किंवा नागलीचं (नाचणीचं) पीठ चमचाभर घालून थोडं गरम करा. मोडातल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) घट्ट पेज डोळ्यांदेखत सैल होते. नव्या मुलींना हे दाखवलं की त्या दोनदा करून बघतात.

आपल्या उन्हात दुधाचं फीड बाहेर दोन तासांच्या वर ठेवायचं नाही. प्रत्येक वेळी ताजं करा किंवा फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी संपवा. जुलाब लागले की पहिलं बोट फीडकडे जातं आणि ते बंद होतं. त्याआधी अँटिबायोटिक, गोड सिरपची औषधं, भांड्यांची स्वच्छता आणि हात बघा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं.

सातपुड्यातून येणारी मुलं, आणि टीबी

धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडून येणाऱ्या लहान मुलांना वरचे मोठ्यांचे हिशेब लावू नका. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल किंवा दोन्ही पावलांवर बोट दाबल्यावर खळगा राहत असेल, तर ते तीव्र कुपोषण आहे. सुजलेलं बाळ गुबगुबीत दिसतं, म्हणून पावलं दाबल्याशिवाय सोडू नका. पोषण पुनर्वसन केंद्रात सुरुवात एफ-७५ दुधाने होते, १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी आणि जेमतेम ०.९ ग्रॅम प्रथिनं. मूल सावरलं, भूक लागली की मग जास्त कॅलरींचं एफ-१०० दूध. तिथेही हळू, त्याच कारणाने. ऊब आणि रक्तातली साखर यांवर पहिल्या रात्री लक्ष ठेवा.

टीबीच्या पेशंटला निक्षय पोषण योजनेतून महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले आहेत. बँक खातं जोडलंय का, हे पहिल्याच भेटीत विचारा. झारखंडमधल्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या दोन महिन्यांत वजन ५ टक्क्यांनी वाढलेल्या पेशंटमध्ये मृत्यूचा धोका बराच कमी दिसला. म्हणून टीबी वॉर्डात दोन महिन्यांचं वजन हे औषधाइतकंच काळजीने लिहा.

घरी जाताना

नाना नळीसह घरी गेले. जाण्याआधी सुनेने माझ्यासमोर सलग सहा फीड स्वतः दिली. दोनदा ती नाकाजवळची खूण बघायला विसरली. तिसऱ्यांदा मी काही बोलले नाही, तिनेच हात थांबवला आणि वाकून आकडा वाचला. कागदावर फीडचं माप घरच्या पेल्याने आणि चमच्याने लिहिलं, कारण मिलिलिटरचा पेला घरी नसतो. नळी बदलण्याची तारीख, ती निघून आली तर स्वतः न घालता यायचं हे, आणि पुढचं वजन कुठे घ्यायचं ते लिहिलं: गावच्या उपकेंद्रात, दर सोमवारी, त्याच काट्यावर. तिसऱ्या सोमवारी तिने फोनवर आकडा सांगितला, ५०.५. वर करदोड्याचंही सांगितलं. गाठ अजून नव्या जागीच आहे, पण आता रुततेय.